कोणता परवा?

शंकासुर वकील (१९४१–२०१६) अपिले चालवत. हे टोपणनाव त्यांना सहकाऱ्यांनी दिले होते आणि त्यामागे काही हेतू असावा, असा त्यांना अखेरपर्यंत संशय होता.

वडील छापखान्यात मुद्रितशोधक. घरी वर्तमानपत्रसुद्धा लाल पेन्सिल हाती घेऊन वाचत. चिरंजीवांनी ती दृष्टी उचलली आणि खालच्या न्यायालयात वकिली सुरू केली. तेथे त्यांचे बस्तान बसले नाही. ते स्वतःच्याच साक्षीदाराकडे असे रोखून पाहत, की खरे बोलणाराही अडखळे. अखेर एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांना बाजूला घेतले.

"तुम्ही अपिलाकडे वळा. तिथे माणसे नसतात, कागद असतात. कागदाला घाम फुटत नाही."

तेथे ते रमले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचे अपील त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे पहिले लक्ष गेले ते अशिलाच्या नखांकडे. यंत्रात हात घालणाऱ्याची नखे इतकी स्वच्छ कशी?

लिफ्ट कोसळून इमारतीच्या पहारेकऱ्याचा पाय मोडला होता. त्याची साक्ष अशी : 'आदल्या दिवशी मी विचारले, तपासणी कधी? कारागीर म्हणाला, परवा.' तपासणी तर झालेलीच नव्हती. तेव्हा कारागिराने धडधडीत थाप मारली, असे ठरवून खालच्या न्यायालयाने त्याला कैद सुनावली. अपील फेटाळले जाताच जामीन संपून तो आत जाणार होता.

"साहेब, खरं सांगू का—"

"नको. नोंदीत आहे तेवढंच बोला."

वकिलांनी साक्ष पुनःपुन्हा वाचली. काहीतरी खटकत होते, पण हाती लागत नव्हते. अशा अवस्थेत ते घरी आले, तर मोरी कोरडी ठणठणीत.

"अगं, नळवाल्याचं काय?"

"परवा," पत्नी आतून म्हणाली.

"येऊन गेला? मग पाणी कुठे आहे?"

"अहो, येऊन गेला असता तर मी शेजारून बादल्या आणल्या असत्या का? यायचाय अजून!"

"मग क्रियापद कुठे गेलं?"

"घरात क्रियापदं मोजून कोण बोलतं? लग्नाला इतकी वर्षं झाली, आता माझीही उलटतपासणी घ्या!"

वकील बादलीपाशीच थबकले. जेवायचे सोडून ते पुन्हा कागदांकडे वळले.

सुनावणीत त्यांनी तो एकच शब्द धरून ठेवला. कारागीर तपासणी 'होऊन गेली' असे म्हणाला, की 'व्हायची आहे' असे?

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "आपल्या अशिलाच्या मनात कोणता परवा होता?"

"मला माहीत नाही, महोदय. खालच्या न्यायालयालाही माहीत नव्हते. त्यांनी विचारलेच नाही."

संशयाचा फायदा मिळून कारागीर सुटला. बाहेर येताच त्याने वकिलांचा हात धरला.

"साहेब, आता तरी ऐका. त्या दिवशी मी—"

"निकाल लागला आहे. गप्प बसा."

कारागिराचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमचाही विश्वास नाही माझ्यावर?"

"विश्वास ठेवला असता, तर तुमच्या बाजूने तो शब्द इतका उलटापालटा करून पाहिला असता का?" असे म्हणून वकिलांनी हात सोडवून घेतला.

कारागिराला जप्त झालेला परवाना परत मिळाला. त्याचे ते वाक्य वकिलांनी पुढेही कधी पुरे होऊ दिले नाही. पहारेकऱ्याचा इमारतीच्या मालकाविरुद्धचा भरपाईचा दावा मात्र, वकील गेले तेव्हाही, निकालाविना पडून होता.