अर्धी बादली गरम पाणी

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. माझा धंदा गिझर दुरुस्तीचा. आमच्या धंद्यात भुताला जागाच नाही... पाणी तापत नसेल तर कॉइल गेली, थर्मोस्टॅट गेला, नाहीतर मुळात लाइटच नाही. त्यामुळे आज मी स्वतः इथे लिहायला बसलोय, याचं माझ्या बायकोला, मंगलला, फार हसू येतंय. येऊ दे.

आम्ही कोल्हारला राहतो. बोअरचं पाणी जड, कॉइलवर बघता बघता पांढऱ्या क्षाराचा थर चढतो. गावाला मी दरवर्षी सर्व्हिसिंगचा उपदेश करतो, आणि स्वतःच्या घरचा गिझर मात्र कधी उघडला नव्हता. मागच्या थंडीत तो बंद पडला. आज करू, उद्या करू... मंगल गॅसवर पातेली चढवून वैतागली. म्हणाली, "गिऱ्हाईक म्हनून फोन करू का तुमाला? मंग तरी येताल."

माझं लक्ष नव्हतं, कारण आई. तिला हल्ली विसरायला होतं. मंगलला ओळखते, शेजारणीला ओळखते, मला मात्र 'मिस्त्री' म्हणते — हातात कायम पाना-पकड असते म्हणून असेल. "मिस्त्री, च्या घेता का?" लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत. मी तिचा एकुलता एक. तिने एकदा मला दत्तू म्हणून हाक मारावी, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

एका रविवारी मंगल माहेरी, तिसगावला गेली आणि मी गिझर भिंतीवरून खाली काढला. त्याआधी वापरायला एक बादली गार पाणी भरून ठेवलं आणि बाथरूमची लाइन बंद केली. टाकी अंगणात आणून उलटी केली, रिकामी केली, आणि उन्हात बसून कॉइलचे पापुद्रे खरवडायला लागलो. पांढरा भुगा उडत होता, त्यात ऊन अडकून राहिलं होतं. लांब उसाची ट्रॉली गाणी लावून चालली होती... ती संपतच नव्हती. सगळं कसं मऊ, धूसर झालं होतं.

मग तांब्याचा आवाज आला. बादलीत बुडवल्याचा, आणि अंगावर पाणी पडल्याचा.

आई! मी कॉइल टाकून पळालो. एवढी थंडी, त्यात तिला कफाचा त्रास. बाथरूमचं दार आतून लावलेलं. "आई, पानी गार हाय! घेऊ नको!" आत ती गुणगुणत होती. तांब्या बुडत होता, पाणी पडत होतं, अगदी सावकाश. आणि दाराच्या फटीतून वाफ येत होती. वाफेला धुराचा वास होता — पेटलेल्या बंबाशेजारी येतो तसा. आमचा बंब तर मी शाळेत असतानाच मोडीत गेला.

मी दार वाजवायचं विसरलो. भीती अजिबात वाटली नाही. उलट इतकं बरं वाटत होतं की तिथेच उभं राहावं.

आई बाहेर आली. चेहरा लाल, केस ओले. माझ्या गालावरचा भुगा तिने पदराने पुसला. हात चांगलाच गरम होता.

"दत्तू," ती म्हणाली, "निम्मी बादली ठिवलीय तुला. गरम हाय तवर आंघूळ करून घे."

लहानपणी हे रोजचं होतं. मी "व्हय" म्हणालो आणि आत गेलो. भिंतीवर गिझरच्या जागी नुसते बोल्ट, नळ कोरडा. आरसा वाफेने भरलेला. खाली अर्धी बादली. मी मेकॅनिक माणूस, आधी तपासायला हवं होतं. मी सरळ अंघोळ केली. पाणी कढत होतं. अंगावर घेता घेता रडलो, हेही सांगून टाकतो.

नंतर सगळं बघितलं. शेगडी गार, पातेली मांडणीवर कोरडी. पाणी तापवायचा रॉड मी घरात ठेवूच देत नाही, त्याने माणसं मरतात. बाथरूमला ऊन येत नाही.

मंगल म्हणते, उन्हात डोळा लागला असेल तुमचा. पण संध्याकाळी ती परत आली तेव्हा आल्या आल्या तिनेच विचारलं होतं, "शेकोटीपाशी बसला हुता का? अंगाला धुराचा वास येतोय."

तेवढ्यात आई बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस्त्री, झालं का काम?"

"झालं," मी म्हणालो.

गिझर आता उत्तम चालतो. त्या दिवशी पाणी कशाने तापलं, ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी आईची अंघोळ झाली की तिच्या मागोमाग मी आत जातो. नळाला गरम पाणी असतं, तरी आधी बादलीत डोकावतो. बादली रिकामी असते.