मिठाच्या गोणीची जागा
ओल्या गोणपाटाचा खारट वास आला की मला ठाण्यातलं ते गॅरेज आठवतं, जिथे पन्नास सालाच्या आसपास मी मेकॅनिक होतो. एका गिरणीमालकाच्या जावयाने आपल्या दोन सीटच्या विलायती गाडीला मागे बसवायला कडक स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर मागवले होते. स्प्रिंगांचे बोल्ट गाडीवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे असतात, म्हणून आम्ही मागच्या डिकीत मिठाच्या दोन गोणी ठेवायचो. जावईबापू ओरडले, “मीठ सांडलं तर पत्रा गंजेल!” मग गोणी घेऊन आलेल्या मिठागरातल्या म्हाताऱ्यालाच मी मागे चढवलं. त्याआधी त्याच्या भेगाळलेल्या पायांवर बादलीभर पाणी ओतलं. मी गाडीखाली शिरून बोल्ट आवळेपर्यंत तो अंग चोरून बसून होता. मी बाहेर आल्यावर तो जावईबापूंना हळूच म्हणाला, “शेट, मना जरा खाडीपावत फिरवून आनशील का?” जावईबापूंनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “अरे, गोण कधी फिरायला जाते का? उतर!” सगळे हसले, तोही हसला. महिन्याभराने दुसरी गाडी आली, तेव्हा त्याने न सांगता नळावर पाय धुतले, मागे चढून गपचूप बसला आणि शेवटचा बोल्ट आवळला तसा आपणच उतरून निघून गेला. तेव्हा माझ्या काळजात कळ आली, असं आज या वयात सांगायला बरं दिसेल. पण खरं सांगतो, मला एवढंच वाटलं होतं, एकदाचा शिकला.