समुद्रफुलाचा उजेड

देवाने सूर्य टांगला तेव्हा आमचे भावजी जवळपास असते, तर त्यांनी देवाला तो खाली उतरवायला लावला असता आणि चार बोटं वर करून परत टांगून घेतला असता. एखादा दिवा आहे तिथे बरा आहे, हे वाक्य मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वीज खात्यात वायरमन होते. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मिठबावच्या घरात आम्ही दोघंच उरलो, ते पडवीला लागून असलेल्या खोलीत आणि मी बाकीच्या घरात. मी चौथी पास. लिहिण्याची सवय नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून लिहिते.

कुठेही गेले की माणसं समोर बघतात, हे आधी वर बघायचे. चुलत पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि हे बल्बकडे. पोहे खाता खाता उठले, म्हणाले, "चेडवाच्या तोंडार सावळी पडता," आणि स्टुलावर चढून बल्ब दुसऱ्या खांबाला लावून आले. लग्न जमलं. ती सून अजून सांगते, माझं लग्न भावकाकांनी जमवलं. मयताच्या घरी गेले तरी तेच. शेजारचा म्हातारा गेला तेव्हा त्यांच्या ओटीवरची ट्यूब फडफडत होती. ह्यांना राहवेना. शेवटी त्याच्या म्हातारीने रडणं थांबवून स्टूल धरलं आणि ट्यूब नीट झाल्यावर पुन्हा रडायला बसली. गणपतीच्या आधी आठ दिवस तर ते घरात जेवायला मिळत नसत. वाडीतल्या प्रत्येक मखराचा दिवा भावजींनीच लावायचा. "गणपतीच्या नाकाची सावळी व्हटार पडली तर देव रुसल्यासारखो दिसता," म्हणायचे. त्यांनी लावलेल्या दिव्याला मग विसर्जनापर्यंत कोणी हात लावत नसे. तेवढा त्यांचा मान होता, आणि दुसरा कसला नव्हता.

निवृत्त झाल्यावर हा माणूस काय करणार, अशी मला काळजी होती. एका सकाळी रापणीचं जाळं ओढायला हात द्यायला म्हणून किनाऱ्यावर गेले आणि बांगड्यांच्या ऐवजी बादलीत एक दगड घेऊन आले. जाळ्यात अडकून आला होता. दगडावर काहीतरी मूठभर, तपकिरी, लिबलिबीत चिकटलेलं.

मी विचारलं, "ह्या काय हाडलात? कढीत घालू की देवाक व्हावू?"

"वयनी, ह्या समुद्रफूल. नावाक फूल, पण जनावर आसा. कोळंबी खाता."

"मगे तुमच्याच जातीचा," मी म्हटलं.

त्या जनावरासाठी त्यांनी काचेची टाकी केली. दर आठवड्याला समुद्राचं ताजं पाणी कॅनमधून आणायचं, हवेचा पंप दिवसरात्र गुरगुरायचा, आणि एक दिवसाआड चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायचा. माझ्या ताटातली कोळंबी मोठी की लहान हे ज्या माणसाने कधी बघितलं नाही, तो ह्याच्या तुकड्याची साल काढायचा. शेजारीण म्हणाली, "तुमच्या भावजीन बायल केल्यान नाय, आता ह्येची सेवा करता." भावजींनी ऐकलं आणि म्हणाले, "बायल बोलता. ह्या बोलणा नाय."

पण खरा प्रश्न उजेडाचा. मला त्यांनी समजावलं ते असं. ह्या फुलाच्या अंगात डोळ्यांना दिसणार नाही एवढं शेवाळ राहतं. ते भाडेकरू. भाडेकरू उन्हावर स्वयंपाक करतात आणि मालकाला वाढतात. ऊन कमी पडलं की भाडेकरू घर सोडतात, मालक पांढराफटक होतो आणि मरतो. ऊन जास्त झालं तरी तेच. म्हणजे दिवा असा पाहिजे की त्याला आपण उथळ समुद्रातच आहोत असं वाटलं पाहिजे. ज्या माणसाने पन्नास गावांत खांबावर चढून वीज दिली, त्याला एवढं सोपं काम, असं मला वाटलं.

आधी साधी ट्यूब लावली. फूल मान लांब करून उजेडाकडे ताणायला लागलं, शेजाऱ्याच्या कुंपणावरून डोकावणाऱ्या बाईसारखं. उजेड कमी. मग हॅलोजन आणला. दोन दिवसांत पाणी आंघोळीचं झालं आणि फूल वाळत घातलेल्या आमसुलासारखं आकसलं. भावजींनी पाण्यात बर्फाच्या पिशव्या सोडल्या, रात्रभर पंखा लावला, पंखा फुलाला, स्वतः घामात. शेवटी मुंबईहून निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा मागवला. पट्टीने मोजून पाण्यावर एक वीत टांगला. चौथ्या दिवशी फूल उघडलं. मी ताकाची लोटी घेऊन जात होते, तशीच उभी राहिले. शंभर बोटं पाण्यात हलत होती, टोकांना जांभळी. भावजी नुसते टाकीसमोर बसून राहिले, आणि मग रोजच्या नोंदीच्या वहीत लिहिलं: उजेड जमला.

वीस दिवस सगळं छान चाललं. मग बिघडलं, ते माझ्यामुळे.

त्यांचा नियम असा की सकाळी आठला दिवा लावायचा आणि संध्याकाळी साडेसहाला बंद. नेमकी दिवेलागणीची वेळ. मी देवाजवळ निरांजन लावायची आणि हे तिकडे दिवा बंद करायचे. एकविसाव्या दिवशी मी बोलले.

"तिन्हीसांजेक जळतो दिवो बंद करतत? घरात लक्ष्मी येवची वेळ ती."

"वयनी, तेका रात होयी. समुद्रात रातीचो कोण दिवो लावता?"

"समुद्रात लक्ष्मी येणा नाय."

"समुद्रातसूनच इली ती," म्हणाले आणि हसत हसत रोजच्यासारखे देवळात भजनाला गेले.

ते फाटकाबाहेर गेल्यावर मी दिवा लावला. नऊला ते परत यायचे. फाटक कुरकुरलं की बंद करायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वर्षभर. शास्त्र म्हणून लावत होते, असं मी स्वतःला सांगायची. ते खरं आठवडाभर असेल. पुढे मी तिथे पाट घेऊन बसायला लागले. लसूण सोलायची, तांदूळ निवडायची. अंधार झालेल्या घरात तो निळा उजेड भिंतीवर हलायचा आणि ते फूल माझ्यासमोर हलायचं. नवरा गेल्यापासून ती वेळ मला खायला उठायची. मला बघायला आवडायचं, म्हणून मी दिवा लावायची. लक्ष्मीचं नाव उगाच घेतलं.

झोपलेल्या माणसाला रोज उठवून पुन्हा उन्हात बसवलं तर त्याचं काय होईल? फुलाचं तेच झालं. आकसायला लागलं, दिवसाही उघडेना, टोकांचं जांभळं गेलं. टाकीच्या काचेवर हिरवा थर चढायला लागला. भावजींनी दिवा चार बोटं वर केला. मग दोन बोटं खाली. दिव्याखाली पतंगाचा कागद लावला, काढला. पाणी चाखून बघितलं. एकदा घरी आल्या आल्या दिव्यावर हात ठेवून म्हणाले, "अजून गरम कसो?"

"हवाच गरम आसा," मी म्हटलं.

त्यांनी ते वहीत लिहिलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी खिडकीला ओला पडदा लावला. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर ते रागावलेही नसते, हसले असते. पण साठी उलटलेली बाई, मोठी वहिनी, मी लपून दिवा लावते हे कुठल्या तोंडाने सांगू? मी दिवा लावणं सोडलं, पण फार उशिरा. तोवर मूठभर फुलाचं लिंबाएवढं झालं होतं, आणि भावजींचा धीर सुटला होता.

ओहोटी बघून आम्ही दोघं देवीच्या देवळाखालच्या खडकांत गेलो. बादली मी धरली होती. त्यांनी एका डबक्यात तो दगड नीट ठेवला, हाताची सावली करून ऊन किती येतं ते बघितलं आणि दगड थोडा सरकवला. मग म्हणाले, "जगला तर जगला. दोष माझो. माका उजेड गावलो नाय."

मी तोंड उघडलं. म्हटलं, "पाय सांभाळा, शेवाळ आसा."

त्या वर्षी गणपतीला वाडीतले बोलवायला आले. भावजी म्हणाले, "दुसऱ्याक बोलवा. माका उजेडातला काय कळणा नाय." लोकांना थट्टा वाटली. पुढच्या वर्षीही गेले नाहीत. आमच्या मखरातला दिवा मीच लावला. गणपतीच्या नाकाची सावली ओठांवर पडली होती. त्यांना दिसली असणार. ते जेवायला बसले.

गेल्या माघात ते गेले. आजार नव्हता, दुपारी झोपले ते उठले नाहीत. त्यांच्या खोलीतलं सामान काढताना ती वही सापडली. अक्षर सरळ, रेघ मारल्यासारखं. रोज दिव्याची उंची, पाण्याची ऊब, फूल किती उघडलं. 'हवा गरम', हेही होतं. शेवटच्या पानावर एकच ओळ: कारण कळले नाही.

मी पेन्सिल शोधली. ओटीवर उजेडाला बसले आणि त्याच्याखाली लिहिलं: वयनी रोज सांजेचा दिवा लावत होती.

माझं अक्षर त्यांच्यासारखं आलं नाही. 'सांजेचा' दोनदा खोडून लिहावं लागलं. पण वाचता येतं.