दादाची उजवीकडे वळणारी गाडी

चाकं कापायचं काम दादाने मलाच का सांगितलं? आईला विचारलं, ती पदर डोळ्याला लावते. बाबांना विचारलं, ते बिडी पेटवतात. तुम्हीच ऐका आणि सांगा, असलं काम माझ्यासारख्या गाढवाला कोणी देतं का?

दादा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. मी सातवीत दोनदा आपटून घाटकोपरला सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा. दादाने परीक्षेसाठी बॅटरीवर पळणारी वीतभर गाडी बनवली होती. पत्र्याची बॉडी, स्पोकचे आस, एकदम झकास! फक्त चाकं राहिली आणि दादाला कावीळ झाली.

हॉस्पिटलच्या कॉटवरून मला म्हणाला, "जुन्या स्लिपरचं रबर घे. वर रुपया ठेव, पेनाने गोल मार, काप. चारही सारखी हवीत हां. गाडी खडूच्या रेषेवरून सरळ गेली पाहिजे."

"मला नको शिकवू. टायरमधला माणूस आहे मी!"

"तीच तर भीती आहे रे."

दोन चाकं कापली आणि मला भूक लागली. भूक लागली की मला पुढचं काही दिसत नाही. तोच रुपया घेऊन खाली गेलो, वडापाव हाणला. वर येऊन आईकडून दुसरा रुपया घेतला, उरलेली दोन कापली. पहिली दोन डावीकडे बसवली, ही दोन उजवीकडे. रुपया तो रुपया! त्यात काय बघायचं?

परीक्षेच्या दिवशी दादाला उठवेना. त्याच्या सरांनी परवानगी दिली म्हणून गाडी मी घेऊन गेलो, दादाचाच शर्ट घालून. खडूच्या रेषेवर ठेवली, बटण दाबलं.

दोन हात बरी गेली. मग वळली उजवीकडे! सरांच्या खुर्चीला वळसा घालून माझ्याच पायावर येऊन आपटली.

"हे काय?" सर म्हणाले.

आता गप्प बसावं की नाही? "सर, ही परत पण येते!"

पोरं बेंच बडवून हसायला लागली. पुन्हा सोडली, पुन्हा पायाशी. पाळलेल्या कुत्र्यासारखी!

"काम चांगलंय. चाकं कोणाची?"

"माझी."

"भावाला सांग, चाकं बदलून आण. तोवर मार्क राखून ठेवतो."

गाडी घेऊन हॉस्पिटलात गेलो. दादाचे डोळे तेव्हा हळदीसारखे झाले होते. त्याने गाडी छातीवर घेतली, एकेका चाकावरून बोट फिरवलं. "रुपया तोच होता ना रे?"

"तो खाल्ला. नंतरचा आईचा."

"जुना खाल्लास आणि नवा लावलास! नवा रुपया लहान असतो, गधड्या!"

आणि असा हसला, असा हसला, की नर्स ओरडत आली. "आई, ऐकलंस का? डावीकडे जुना रुपया, उजवीकडे नवा!" आईसुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी.

"बदल ती चाकं," दादा म्हणाला.

"उद्या नक्की."

उद्या दुकानात गर्दी होती. परवा कंटाळा केला. चौथ्या दिवशी दादा गेला. मार्क तसेच राखलेले राहिले.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दाराशी दादाच्या स्लिपर दिसल्या. आईने कोणाला तरी द्यायला काढल्या होत्या. मी एक उचलली. एकाच रुपयावर, न खातापिता, चार चाकं कापली. बसवली आणि चाळीच्या गॅलरीत गाडी सोडली.

सरळ! काय सरळ गेली म्हणून सांगू! शेजारच्या काकूंचं दार, नळ, सगळं मागे टाकून गॅलरीच्या टोकाला, आणि तिथून धडाधड जिन्यावरून खाली.

मी आपला उभा. पायाशी काही येईना.

"अरे, आण ना उचलून," बाबा म्हणाले.

आणली. टायरमधला माणूस मी, जन्मात एक काम बरोबर जमलं होतं. बसलो, आणि चारही चाकं काढून जुनी परत लावली. डावीकडे मोठी, उजवीकडे लहान.