बदल लागू करण्यापूर्वी

नईमभाई वारल्याचा निरोप कार्यालयाच्या ग्रुपवर आला, तेव्हा त्यांनी उभारलेली यंत्रणा सुरळीत चालू होती. जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत त्या दिवशी एकाही विक्रेत्याचा तक्रारीचा फोन आला नाही. त्याला आता काही आठवडे झाले.

महाविद्यालयातली अध्यापकी सोडून मी बऱ्याच उशिरा संगणकाच्या कामात शिरलो. नईमभाई वयाने लहान, पण माझे वरिष्ठ. तरी मला ते ‘सर’च म्हणत. मी रुजू झालो त्या वर्षी ऐन पेरणीत विक्रेत्यांच्या ऑर्डरी अधूनमधून परत येऊ लागल्या. ऑर्डर आधी आमच्या गेटवेकडे येते आणि तो ती मागच्या सर्व्हरकडे पोचवतो. दर वेळी नवे कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून जोडलेले कनेक्शन काही काळ उघडेच राखायचे, अशी व्यवस्था नईमभाईंनी केली होती. आष्टीचे एक विक्रेते फोनवर कडाडले, "नईमभाई, पेरण्या उरकल्यावर बियाणं देता का? ऑर्डर जाऊनच राह्यली न्हाई!"

कारण मला दिसले होते; निदान तसे वाटत होते. गेटवे कनेक्शन उघडे समजून बसे. मागचा सर्व्हर मात्र त्याआधीच ते बंद करी, आणि एखादी ऑर्डर नेमकी त्या बंद वाटेने जाई. पण ज्यांच्याकडून शिकत होतो, त्यांची चूक त्यांना दाखवायची कशी? हंगाम सरत होता आणि मी गप्प होतो... शेवटी चहाच्या वेळी तेच म्हणाले, "सर, तुम्ही कवाचं काहीतरी गिळून राह्यलात. बोला की."

मी चाचरत सांगितले. ते मोठ्याने हसले. "बिलकुल बराबर! पाहुणा उठून गेला अन् आपण वाढूनच राह्यलो." कनेक्शन उघडे राखण्याची गेटवेची मुदत त्यांनी सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी केली. ऑर्डरी जाऊ लागल्या.

त्यानंतर कोणताही बदल लागू करण्यापूर्वी ते खुर्ची माझ्याकडे वळवत. "बोला, सर. तुम्ही बोलल्याबिगर मी बटन दाबत न्हाई." मला सांगण्यासारखे काही नसले, तरीही ते थांबत.

गेल्या आठवड्यात गेटवेत एक लहानसा बदल मला एकट्याने करायचा होता. शेजारच्या टेबलाशी नव्यानेच रुजू झालेल्या वैशालीताई मान खाली घालून काम करत होत्या. मी खुर्ची वळवली, त्यांना संगणकाचा पडदा दाखवला आणि म्हणालो, "बोला."

"मी काय बोलू, सर?" त्या गोंधळून हसल्या.

मी थांबलो... बऱ्याच वेळाने त्या हलकेच म्हणाल्या, "सर, एक विचारू का?"

मी बटनावरचा हात काढून घेतला.