पंधरा बायकांचं काम

एकसष्ट जणांनी अंगठा पाठवला होता. मी तो आकडा सकाळी चहा पिताना मोजला, दात घासताना मोजला, गाडीत बसल्यावर पुन्हा मोजला. दर वेळी एकसष्टच भरत होते. तासगावच्या आसपास ज्यांच्या बेदाण्याच्या शेड आहेत अशा नव्वद मालकांची यादी मी महिनाभर खपून केली होती. आमच्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाला या, असं निमंत्रण मी व्हॉट्सॲपवरून धाडलं आणि त्यावर एकसष्ट अंगठे आले. मी मिस्त्रींना म्हणाले, खुर्च्या सत्तर सांगा. ते म्हणाले, "चाळीस सांगतो." मी भडकले. "तुम्हाला माझ्या कामातलं काय कळतं?" असंही बोलून गेले. मिस्त्रींनी गुपचूप सत्तर सांगितल्या.

आमची कंपनी म्हणजे साताऱ्याच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड आणि तिघं माणसं. मालक फौजेतून आलेले, तिथं आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेले. आमच्याकडे निवृत्त फौजी कुठल्याही हुद्द्याचा असो, सगळे त्याला मेजरच म्हणतात, तसे हेही मेजर. मिस्त्री वेल्डिंगपासून पिकअप चालवण्यापर्यंत सगळं करायचे. आणि मी म्हणजे मार्केटिंग विभाग. विभागात दुसरं कुणी नाही. पुण्यात चार वर्षं मोठ्या कंपनीत हेच काम केलं, मग साहेबाच्या तोंडावर फाईल आपटून घरी आले. माझा स्वभाव असा आहे, आता काय करणार.

मेजरांचं यंत्र खरोखर झकास होतं. वरून वाळलेला बेदाणा ओतायचा. पहिल्या भागात त्याची काडी निघायची आणि दुसऱ्या भागात तो कॅमेऱ्याखालून जाऊन रंगाप्रमाणे वेगळा व्हायचा. या दुसऱ्या भागावर मेजरांनी दोन वर्षं घातली होती. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "पाडव्यापर्यंत एक ऑर्डर. एकच. न्हाई आली तर शेडला कुलूप. माझं काय न्हाई, मला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत घेतायत, बोलणं झालंय. तुमी तुमचं बघून ठेवा."

त्या दिवसापासून मला बसवेना. माझं काय, मी कुठंही चिकटले असते. पण मेजर निळा शर्ट घालून गेटचा आडवा बांबू वर-खाली करतायत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मी जेवताना उठायचे, फोन बघायचे, परत बसायचे. आई म्हणायची, अगं घास तरी गिळ.

निमंत्रणासोबत धाडलेलं पत्रक मी एका बैठकीत लिहिलं होतं. गिऱ्हाइकाला यंत्र कसं चालतं ते सांगू नये, त्याचा फायदा एका ओळीत सांगावा, हे पुण्यात शिकले होते. ओळ अशी होती: पंधरा बायकांचं काम, एक यंत्र! खाली बारीक अक्षरात: मजुरांची कटकट कायमची बंद. काय खूश झाले होते मी स्वतःवर! मेजरांनी वाचलं आणि म्हणाले, "तुला कळतंय त्यातलं." मिस्त्री नुसतेच मान खाजवत राहिले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी आम्ही तासगावात मांडव घातला. यंत्र मधोमध, बाजूला दोन पोती बेदाणा, पोह्यांचं पातेलं आणि सत्तर लाल खुर्च्या. दहाची वेळ दिली होती. साडेदहा झाले. अकरा झाले. मी रस्त्यापर्यंत जायचे, दोन्ही बाजूंना बघायचे आणि परत यायचे. एक मोटारसायकल वळली म्हणून मी हसतमुखानं पुढं गेले, तर तो मांडववाला, खुर्च्या कधी नेऊ विचारायला आलेला.

बारा वाजता माझा पारा चढला. यादीतल्या पहिल्याच माणसाला फोन लावला.

"तुम्ही येणार होतात ना?"

"मी? कवा म्हणालो?"

"अहो, अंगठा पाठवलात की!"

"आवं ताई, अंगठा म्हंजे वाचलं म्हणून. आवतण द्यायला कोण आलं हुतं आमच्या दारात? मोबाईलवर धाडलेल्या पत्रिकेवर आमी लग्नाला सुदिक जात न्हाई."

"मग वाचून गप्प बसायचं होतं!" मी म्हणाले आणि फोन कट केला. गिऱ्हाइकाचा फोन. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

मेजर शांतपणे पोहे खात होते. त्यांचं ते शांत बसणं बघून मला आणखीच संताप येत होता. पोहे संपवून त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "यंत्र चढव गाडीत. आता दारोदार."

पहिलीच शेड गावाबाहेर, द्राक्षबागांच्या मधे होती. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला. मी पत्रक हातात दिलं तर त्यानं ते न वाचताच चार घड्या घालून खिशात कोंबलं, आणि आत कुणी बघितलं का, असं मागं वळून पाहिलं. माझी गिरणी सुरूच होती, तासाला किती पोती, वीज किती, हमी किती. तो नुसता "बघू, बघू" म्हणत होता. मला ते "बघू" सहन होईना. मेजरांना त्याच्यापाशी ठेवून मी उठले आणि शेड बघते म्हणून आत गेले.

आत बायका दोन रांगांत मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात बेदाण्याचे ढीग, डोक्याला पदर घट्ट बांधलेले. बोटं भराभर चालत होती. मला बघून एका म्हातारीनं हातातलं काम थांबवलं. मांडीखालून मोबाईल काढला, त्यावर माझं पत्रक उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे तूच लिवलंस का गं?"

"हो," मी म्हणाले. अजूनही मला वाटत होतं की ती कौतुक करणार.

"मग ह्या पंधरा बायका म्हंजे कोण? हितं आमी चौदा हाय. पंधरावीचं अंग दुखतंय, ती उद्या यील."

सगळ्या हसल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, भांडायला मी कधी कमी पडत नाही. पण त्या हसल्या. एक तरुण बाई मान खाली घालूनच म्हणाली, "आणि कटकट कोण, आमीच नव्हं?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. नव्वद जणांची यादी केली होती, त्यात एक बाई नव्हती. ज्यांच्या कामाचं यंत्र विकायला निघाले होते, त्यांच्यातल्या एकीलाही मी कधी काही विचारलं नव्हतं.

मालक माझ्या मागं येऊन उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "आता कळलं का ताई? ही माझी चुलती. ती कडंची माझ्या वर्गातल्या गड्याची बायको. तुमचं पत्रक मालकांनी मोबाईलातच दाबून ठेवलं, पर कुणाच्या तरी पोरानं धाडलं आन् एका दिसात ते समद्या शेडांतनं फिरलं. तुमच्या मांडवात कोण मालक दिसला आसता, तर दुसऱ्या दिशी त्याच्या शेडात काळं कुत्रं आलं नसतं."

बाहेर पळून जावं असं फार वाटलं. पण पळून जायला बाहेर मेजर उभे होते. मग मी तिथंच त्या म्हातारीशेजारी पोत्यावर बसले. हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून तिच्या ढिगातला बेदाणा घेऊन काड्या मोडायला लागले. पाचेक मिनिटांत एक काडी माझ्या नखाखाली अशी घुसली की डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, यातलं जास्त त्रासाचं काय आहे?" मी विचारलं. हा प्रश्न मी जानेवारीतच विचारायला हवा होता.

"निवडाय काय, बोलत बोलत हुतंय. रंग बघायला डोळं हायत आजून. काडी लय वंगाळ बघ." तिनं आपली बोटं पुढं केली. नखांच्या कडा उलून काळ्या पडल्या होत्या. "घरी जाऊन चटणी वाटाय बसलं की आग आग हुती. काडी काढणारं आसंल तर आण की. निवडायला आमी हाय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी उठले.

मेजर पिकअपला टेकून उभे होते. त्यांना काय सांगायचं ते मला कळत होतं, कसं सांगायचं ते कळत नव्हतं. म्हणून मी एका दमात सगळं सांगून टाकलं: बायकांना काडी काढणारा भाग हवाय, रंग निवडणारा नकोय, तो असेल तर यंत्र या गावात शिरणार नाही, अर्धं यंत्र विकावं लागेल, आणि अर्धं म्हणजे तुमचं दोन वर्षांचं काम बाजूला. बोलून झाल्यावर मी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मेजर यंत्राकडे बघत उभेच.

"पाना दे," ते शेवटी मिस्त्रींना म्हणाले.

"मी खोलतो की, मेजर."

"माझं हाय. मीच खोलतो."

तासभर लागला. कॅमेऱ्याचा डबा त्यांनी स्वतः उतरवला, वायरी गुंडाळल्या, आपल्या टॉवेलमध्ये बांधून सीटवर ठेवला. मग उरलेलं यंत्र आत नेऊन चालू केलं. म्हातारीनं खाली ओंजळ धरली, पडलेला बेदाणा उजेडाकडे नेऊन बघितला आणि शेजारणीला दिला. "ह्यात दोन राहिल्यात," शेजारीण म्हणाली. मेजरांनी स्क्रू पिळला. पुन्हा बेदाणा पडला, पुन्हा ओंजळी फिरल्या. तिसऱ्या वेळी कुणीच काही बोललं नाही. म्हातारी पुतण्याकडे वळली आणि म्हणाली, "घिऊन टाक."

"पाडव्याच्या आधी आणून द्या," तो म्हणाला. त्यानं मेजरांचा हात हातात घेतला. झाली ऑर्डर.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो होतो, मेजरांच्या मांडीवर तो टॉवेल. विटा गाव मागं पडेपर्यंत मी बडबडत होते. जुनं पत्रक जाळून टाकू, उद्यापासून मी प्रत्येक शेडात आधी बायकांत जाऊन बसणार, मालकाचं तोंड नंतर बघणार. असा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"आणि मेजर, त्या गेटवाल्यांना आत्ताच फोन लावा. म्हणावं, येत नाही जा."

मेजर काचेतून बाहेर बघत होते.

"त्यांनीच न्हाई म्हटलं," ते म्हणाले. "दिवाळीत गेलो हुतो. वय झालंय म्हणाले. आनखी दोन ठिकाणी गेलो, तिथंबी तेच."

मिस्त्रींनी गाडी एकदम हळू केली. मला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मी ओरडलेच. "म्हणजे काहीच नव्हतं तुमच्याकडं? ही ऑर्डर आली नसती तर? आणि आम्हाला खुशाल सांगितलंत, माझं काय नाही म्हणून? खरं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं आसतं, तर आज तू त्या बायकांच्यात बसली आसतीस का?" मेजर म्हणाले. "त्या मालकाचं पाय धरून बसली आसतीस."

खरं होतं ते. धरले असते.