गोमातात्याचं गिधाड

गोमातात्या गेल्याला आता महिना होऊन गेला. त्याच्या पुतण्याचा फोन आला होता. "मालक, म्हातारा ग्येला. दिवसाला या. त्याचं गिधाड नाचायचं हाय." रहिमतपूरहून डोंगरातली ती कातकरवाडी दोन तासांवर, पण मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. तात्या मात्र वर्षानुवर्षं दिवाळी सरली की आमच्या वीटभट्टीवर यायचा.

होळीला भट्टीवर कातकरी नाचायचे. कुणी माकड व्हायचं, कुणी अस्वल. गिधाड फक्त तात्याचं. दोन्ही हातांवर घोंगडं पसरून तो उतरायचा, पाय जोडून जड उड्या मारायचा, मग थांबून मान वाकडी करून बघत राहायचा... आमच्या ओढ्याकाठी तेव्हा मेलेली ढोरं टाकायचे आणि खरी गिधाडं यायची. तो किती अचूक उतरतोय, हे आम्हा पोरांना कळायचं. "आवं तात्या, चोच कुठाय?" मी ओरडायचो. "तुज्या आज्याच्या तोंडावर बशिवलीया!" होळीला त्याला सगळं माफ असायचं.

पुढे गिधाडं दिसेनाशी झाली. कधी, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवसाला वाडीत ढोलकी वाजायला लागली आणि तीन तरुण पोरं घोंगडी पसरून उतरली. मान तीच, थांबणं तेच. पण उडी मारताना तिघंही उजवा पाय ओढत होती. या पोरांनी जन्मात गिधाड पाहिलेलं नाही. त्यांनी पाहिला तो तात्या, तोही गुडघा मोडल्यानंतरचा. भट्टी उतरवताना विटांचा थर त्याच्या पायावर आला, तेव्हा मालक म्हणून मी तिथंच उभा होतो. गाड्या भरायच्या खोळंबल्या होत्या. "उद्या दवाखान्यात नेतो," मी म्हणालो. तो उद्या आठवड्यानं उजाडला. हाड वाकडंच जुळलं. पुढच्या होळीला तात्या लंगडतच उतरला.

नाच थांबल्यावर पुतण्या घाम पुसत माझ्याकडे आला.

"मालक, तुमी खरी गिधाडं बघितल्याती. आमच्यात आता कोन न्हाई तसं. बराबर उतारलं न्हवं?"

गिधाड लंगडत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण मग तात्या का लंगडायचा, तेही त्या माणसांसमोर बोलावं लागलं असतं...

"व्हय," मी म्हणालो. "आक्षी तसंच."

त्याचा चेहरा उजळला. "बराबर हाय रं!" त्यानं पोरांना हाक दिली. "पुन्यांदा!"

आणि ती तिघंही पुन्हा उतरली, उजवा पाय ओढत.